मी हिच्याशी बोलतो, हे वेड आहे का?

ताई, मी 73 वर्षांचा, वीज मंडळातून निवृत्त झालेलो. नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. गेल्या पोळ्याच्या आठवडाभर आधी ही गेली. मुलगा पुण्याला, मुलगी अमरावतीला. कॉटन मार्केटातून आलो की मी हिला भाजीचे भाव सांगतो, मोठ्यानं. परवा मुलीनं फोनवर ते ऐकलं नि घाबरली. म्हणते, बाबा, डॉक्टरकडे चला. मुलगा म्हणतो, घर विका, पुण्याला या. जेवण कसंतरी होतं, बीपीची गोळी कधी राहून जाते. अंबाझरी बगिच्यातले मित्र हिचं नाव निघालं की विषय बदलतात, म्हणून फिरणंच सोडलं. सगळे म्हणतात, सावरा. कसं सावरू? – एक वाचक

काकाजी, नमस्कार.

आधी मुलीच्या भीतीचं बघू. सांभार (कोथिंबीर) वीस रुपये जुडी झाला, हे इतकी वर्षं ज्या माणसाला सांगितलं, ते गेल्यावर जीभ एकदम कशी थांबेल? डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी वेल्समधल्या 293 विधवा-विधुरांशी बोलून 1971 साली एक लेख लिहिला. जवळजवळ निम्म्यांनी त्यांना सांगितलं, की गेलेलं माणूस असल्याचा काही ना काही अनुभव येतो, बहुतेकदा ते जवळपास असल्यासारखं वाटतं. काहींना आवाज ऐकू यायचा, काही जण बोलायचेसुद्धा. आणि बहुतेकांनी हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. काकू गेल्यात हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, भाव सांगून तुम्ही पुढच्या कामाला लागता. यात वेड कसलं? मुलीला हे उत्तर वाचून दाखवा.

‘सावरा’ या शब्दावर माझा जुना राग आहे. तो उच्चारला की म्हणणाऱ्याला उठून जाता येतं. आपल्याकडे तेरवीपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते, डबे येतात, गाद्या अंथरल्या जातात. मग एका दिवसात सगळे आपापल्या गाडीला लागतात. घर खायला उठतं ते त्यानंतर, आणि नेमकं तेव्हा येणारे कमी होतात, कारण काय बोलावं हे त्यांना सुचत नाही. तुमच्या मित्रांचंही तेच असणार. तुमच्या डोळ्यांत पाणी येईल या धाकानं ते विषय बदलतात. त्यातल्या ज्याच्याशी सगळ्यात जास्त पटतं, त्याला घरी बोलवा नि सरळ सांगा, “हिच्याबद्दल बोललं तर मले बरं वाटते.” बाकीच्यांना तो सांगेल. मग उद्यापासून बगिच्यात हजर व्हा.

‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारेही पुष्कळ भेटले असतील. त्यांना नेमकं काम सांगावं लागतं, नाहीतर ते वाट बघत राहतात आणि तुम्ही संकोचत. ऊन तापायला लागलंय. माळ्यावरचा कूलर उतरवायचा, जुनं गवत काढून नवं भरायचं, खिडकीला बसवायचा. या वयात एकट्यानं करू नका, शेजारच्या पोराला हाक मारा. पोळ्यांना बाई लावा. वरण-भात मुलीकडून व्हिडिओ कॉलवर शिका. रोज ‘जेवलात का?’ विचारून ‘हो’ ऐकण्यापेक्षा तिला पातेलं दिसलेलं बरं. (सांभारवडीचा नाद पहिल्याच वर्षी करू नका, ती तळताना भल्याभल्यांची फुटते.)

सकाळी कूलरच्या मागे लागलात आणि दुपारी कपाट उघडल्यावर तिथेच बसून राहिलात, तरी बिघडत नाही. स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांनी 1999 मध्ये हेच मांडलं, की माणूस दुःख आणि रोजचा व्यवहार यांच्यात सतत ये-जा करतो आणि सावरणं त्या ये-जातूनच होतं. एकाच बाजूला अडकून पडलं की मात्र बघावं लागतं.

घराचं म्हणाल तर वर्षश्राद्ध होईपर्यंत विक्रीचा विषय नको. मुलाचा हेतू चांगला आहे, घाई चुकीची आहे. मे महिन्यात इथं पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा महिनाभर पुण्याला राहून या. पाऊस लागला की परत या. तिथं दुपार कशी जाते, कुणाशी बोलणं होतं, हे कळल्यावर ठरवा.

डॉक्टरकडे केव्हा जायचं? जेवण तुटलं, वजन उतरलं, झोप उडाली, कशातच मन लागेना आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर लगेच. ‘आता जगून काय करू’ असं मनात आलं, तर त्याच घडीला मुलीला फोन लावा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर. तिथं दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही बोलता येतं.

गोळीचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, मी नाही उरकणार. 1969 साली ब्रिटनमध्ये 55 वर्षांवरच्या सुमारे साडेचार हजार विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पत्नी गेल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त निघालं, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. ते सहा महिने तुम्ही काढलेत. पण याच आठवड्यात बीपी तपासून घ्या, आणि किती गोळ्या चुकल्या ते डॉक्टरांना खरं सांगा.