जुन्या कन्सोलमधली चिप आणि मुलीचे पुढचे शिक्षण

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि त्यासोबत मुलीच्या वहीतल्या दोन पानांचे छायाचित्र मिळाले. आपल्या १६ वर्षांच्या मुलीने जुना प्लेस्टेशन, म्हणजे सोनीचा व्हिडिओ गेमचा कन्सोल, उघडून त्यात आठ पायांची एटीटायनी ८५ ही मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम भरून चालवता येणारी छोटी) चिप सोल्डर केली आणि दुसऱ्या प्रदेशासाठी विकली गेलेली स्वतःजवळची अस्सल डिस्क त्यावर चालवून दाखवली. आपला प्रश्न असा की, गणितात जेमतेम गुण मिळवणाऱ्या मुलीच्या या उद्योगात काही भवितव्य आहे, की ही नसत्या उठाठेवीची आणि गुन्ह्याची वाट आहे?

वहीविषयी आधी लिहिते, कारण माझ्या उत्तराचा आधार तीच आहे. पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कवर सुरुवातीच्या भागातल्या खाचेला एक सूक्ष्म हेलकावा दिलेला असतो. त्यातून कन्सोल चार अक्षरांचा संकेत वाचतो आणि जपान, अमेरिका किंवा युरोप यांनुसार त्यातले शेवटचे अक्षर बदलते; ते जुळले नाही तर कन्सोल डिस्क नाकारतो. मॉडचिप, म्हणजे अशी बाहेरून जोडलेली चिप, हीच अक्षरे तारेवरून कन्सोलला परस्पर पुरवते. आपल्या मुलीने इतरांनी खुला ठेवलेला प्रोग्रॅम चिपमध्ये भरला आणि तो चालला नाही. इथवर पुष्कळ मुले येतात आणि दुसरी फाइल शोधू लागतात. तिने मात्र लॉजिक अ‍ॅनालायझर (तारेवरच्या सिग्नलचे चढउतार वेळेनुसार टिपणारे उपकरण) लावून चिपमधून बाहेर पडणारा प्रत्येक बिट मोजला. सेकंदाला २५० बिट, म्हणजे एका बिटाला ४ मिलिसेकंद हवेत, हा हिशेब तिने समासात मांडला आहे, आणि प्रत्यक्ष मोजमापात आलेल्या ३२ मिलिसेकंद या आकड्याभोवती दोनदा वर्तुळ काढले आहे. ही आठपट कुठून आली, याचे उत्तर तिला डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, सापडले: कारखान्यातून येताना या चिपचे घड्याळ ८ ने भागलेले असते. तिने ते ठरवणारा फ्यूज बिट (चिपमधली कायम राहणारी सेटिंग) बदलला आणि डिस्क चालली. फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतच बसवलेला प्रोग्रॅम, लिहिणाऱ्या इंजिनिअरच्या कामाचा दिवस बहुतांशी असाच जातो. मला कन्सोल सुरू झाल्याचे तितकेसे कौतुक नाही; ते ३२ चे वर्तुळ मला अधिक मोलाचे वाटते.

गणिताची तक्रार मात्र रास्त आहे आणि ती मुलीलाही पटायला हवी. तिला प्लेस्टेशन ३ चे उदाहरण सांगावे. त्या कन्सोलच्या फर्मवेअरवर डिजिटल सही (प्रोग्रॅम अस्सल असल्याची गणिती खूण) करताना दर वेळी नवी यादृच्छिक संख्या वापरणे आवश्यक होते, परंतु तीच संख्या पुन्हा पुन्हा वापरली गेली, हे २०१० च्या डिसेंबरात संशोधकांनी उघड केले. दोन सह्या म्हणजे दोन समीकरणे, आणि अज्ञात संख्या दोनच. सही करण्याची गुप्त किल्ली (तीही एक संख्याच) त्यांतून सरळ बाहेर पडली. बेरीज-गुणाकार ठरावीक संख्येच्या बाकीत करायचे असतात, एवढाच काय तो शाळेतल्या बीजगणितापेक्षा फरक. ज्याला हे मांडता येत नाही, तो आयुष्यभर दुसऱ्याच्या फाइली चिपमध्ये भरत राहतो.

गुन्ह्याबद्दलची भीती अनाठायी नाही. यंत्रातली नक्कल रोखणारी संरक्षण-व्यवस्था भेदण्यावर अनेक देशांत बंधने आहेत. अमेरिकेत असा कायदा १९९८ पासून आहे, आणि यंत्र स्वतःचे असले म्हणून प्रत्येक फेरफार आपोआप कायदेशीर ठरत नाही. चिप बसवून देण्याचा धंदा आणि बेकायदा उतरवलेल्या खेळांची देवाणघेवाण या दोन गोष्टींपासून तिला कटाक्षाने दूर ठेवावे. कन्सोलचे संरक्षण भेदणारी साधने विकणाऱ्या एका टोळीच्या सदस्याला अमेरिकी न्यायालयाने २०२२ मध्ये ४० महिन्यांचा कारावास दिला. याउलट सोनीने २०२० मध्ये प्लेस्टेशनमधल्या त्रुटी रीतसर कळवणाऱ्यांसाठी बक्षीस योजना खुली केली आणि प्लेस्टेशन ४ मधल्या गंभीर त्रुटींसाठी ५०,००० डॉलरपासून पुढे रक्कम जाहीर केली. कौशल्य दोन्हीकडे तेच लागते.

शिक्षणासाठी इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक, दोन्ही अभियांत्रिकी शाखा चालतील. माझा कल इलेक्ट्रॉनिक्सकडे आहे, कारण सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा घरी शिकता येते, पण सिग्नल आणि सर्किटचा पाया एकट्याने घालणे अवघड जाते. पुढे वाहने, वैद्यकीय उपकरणे, औद्योगिक यंत्रे अशा कितीतरी ठिकाणी फर्मवेअरचे काम असते. सुरक्षा तपासणीची वाट अरुंद आहे, पण ती आहे. २०११ मध्ये एक्सबॉक्स ३६० या दुसऱ्या एका कन्सोलच्या प्रोसेसरला नेमक्या क्षणी अगदी सूक्ष्म काळाचा रीसेट झटका (पुन्हा सुरू करण्याच्या तारेवरचा सिग्नल) देऊन बदललेला प्रोग्रॅमही तपासणीत अस्सल ठरवून घेण्यात आला; स्मार्ट कार्डे आणि पेमेंट यंत्रे बाजारात येण्यापूर्वी प्रयोगशाळांत असेच झटके देऊन तपासली जातात.

सुट्टीसाठी तिला एक काम सुचवते. त्याच कन्सोलचा कंट्रोलर क्लॉक, कमांड, डेटा अशा मोजक्या तारांवर बोलतो आणि त्यात कोणतेही संरक्षण भेदावे लागत नाही. कोणाचाही तयार कोड न घेता, कोऱ्या फाइलपासून सुरुवात करून, बटणे वाचणारा प्रोग्रॅम तिने लिहावा आणि चुकलेली मोजमापेही वहीत ठेवावीत. शाखा निवडण्याआधी ती पाने मला पाठवावीत, आणि या वेळी पत्र शक्यतो तिनेच लिहावे.