इंडोनेशियातल्या ‘वायांग कुलित’ या चामडी बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळात दाखवतात ते महाभारत आपलंच का?

कथा आपलीच, पण अवतार पक्का जावाचा. आमचं कोल्हापुरात चपलांचं काम, त्यामुळे माझं लक्ष आधी कातड्याकडे गेलं: म्हशीचंच, पण खरवडून पातळ केलेलं, बारीक छिद्रांची नक्षी पाडलेलं, म्हणजे पडद्यावर सावली जाळीदार पडते. एकटा दलांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा सूत्रधार, रात्रभर सगळ्यांचे आवाज काढतो, वर गामेलान या तिथल्या वाद्यवृंदाच्या वादकांना इशारेही तोच देतो. पांडव तेच. पण त्यांच्यासोबतचा ढेरपोट्या सेमार आणि त्याची पोरं व्यासांच्या महाभारतात नाहीत. आपल्या तमाशातला सोंगाड्याच म्हणा, राजालाही टोमणा मारतो. मात्र सगळा इंडोनेशिया असाच समजू नका. पश्चिम जावातल्या सुंदा लोकांत लाकडी बाहुल्या जास्त चालतात, तिथे सावलीचा पडदाच नसतो.