कव्हर आधी लांबून बघ

अगं,

कॉलेजच्या म्युझिक मॅगझिनचं तुझं कव्हर बघितलं. फोटो एक नंबर, पण त्याच्यावर तू एवढं लिहिलंयस की लग्नपत्रिकाच वाटतेय, एकाही काकाचं नाव सुटायला नको म्हणून सगळे कोंबलेले. एक कर, स्क्रीनवर ते नखाएवढं बारीक करून बघ. मला तरी त्या गायिकेचा चेहराच सापडेना.

तू नमुना म्हणून ब्रिटिश मासिकं पाठवलीस ना, त्यातलं क्यू घे. 1986 ला निघालं, 2020 ला बंद पडलं, लोगो म्हणजे वर डाव्या कोपऱ्यात लाल चौकोन आणि त्यात पांढरा क्यू, बस. कोपराच का, तर स्टँडवर मासिकं एकावर एक सरकवून लावतात, बरेचदा डावी कडाच तेवढी बाहेर राहते, मग ओळख पटायची ती तिथेच पटली पाहिजे. आणि तू लोगो टाकलायस खाली उजवीकडे! केरँगचं बघ, 1981 चं, हेवी मेटलवालं, अक्षरं तडा गेल्यासारखी, आत काय आवाज असणार ते नुसतं बघूनच कळतं. पण तसला फॉन्ट तुझ्या तानपुरा घेतलेल्या मुलीवर? नको गं.

अमेरिकेतलं रोलिंग स्टोन 1967 पासूनचं आहे, ते माणसाचं डोकं बिनधास्त लोगोवर चढवतात, मधली अक्षरं झाकली जातात तरी कोणाचं अडत नाही कारण वाचणाऱ्याला तो लोगो पाठ असतो, तुझा पहिलाच अंक आहे तेव्हा तुला हे परवडणार नाही.

त्यांचं जानेवारी 1981 चं कव्हर तुला कोणी ना कोणी दाखवेलच. बीटल्स बँडवाला जॉन लेनन उघडा, बायकोला, योको ओनोला बिलगलेला, ती मात्र पूर्ण कपड्यात, फोटो ॲनी लिबोविट्झचा, 8 डिसेंबर 1980 चा, आणि त्याच रात्री न्यूयॉर्कमध्ये घराबाहेर लेननला गोळ्या घालून मारलं. कव्हरवर हेडलाइन नाही, आतल्या लेखांची नावं नाहीत. हे दाखवून सगळे सांगतात की बघा, कमी लिहा. मला ते अर्धवट वाटतं. त्यांना लिहावं लागलं नाही कारण अख्ख्या जगाला माहिती होतं काय झालंय ते! तुझ्या गायिकेला कॉलेजबाहेर कोण ओळखतं? म्हणून तुला एक ओळ लागणारच, तिचं नाव आणि ती काय वेगळं गाते ते, मोठ्या टाइपात. बाकीच्या सात ओळींतल्या दोन ठेव, त्या पण बारीक, आणि चेहऱ्यावरून काहीही जाऊ देऊ नकोस.

अजून एक, ती बाजूला बघतेय तो फोटो तू निवडलास, पण त्याच शूटमध्ये ती सरळ कॅमेऱ्यात बघतेय असा एक आहे, थोडा कमी सुंदर आहे, तरी तोच घे. समोरून कोणी आपल्याकडे बघत असलं की चालता माणूस पण क्षणभर थांबतो.

रंगांचं आत्ता राहू दे, आधी हे कर. आणि किंमत कुठे छापणारेस ते ठरवलेलं दिसत नाही, त्याला जागा ठेव आणि रविवारपर्यंत पाठव, सोमवारी मी गावाला चाललोय.

तुझा
दादा