क्लच उतरवायच्या आधी शाफ्ट बघा

तुमच्या प्रश्नातली लक्षणं अशी: दहा चाकी गाडी, कळंबोलीहून तळोज्याला आणि भिवंडीला लोखंड. पन्नाशी ओलांडली की सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरतो, स्टिअरिंग मात्र शांत. रिकामी असली की जास्त, भरली की कमी. पुढचे दोन टायर नवे टाकले, अलाइनमेंट केली, फरक नाही. आता मिस्त्री म्हणतो क्लच प्लेट. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यानंतर मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवला. मला विचाराल तर पहिला संशय त्या पाट्यावर. पण माझ्या शब्दावर खोलाखोली करू नका, आधी खात्री करून घ्या. खर्च डिझेलचाच आहे.

गाडीत चाक, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला फिरवणारी लांब नळी) आणि इंजिन हे तिघं वेगवेगळ्या गतीने फिरतात. थरथर कोणाच्या गतीने चालते हे कळलं की निम्मं काम झालं. तुमच्या मापाच्या टायरचा एक फेरा साधारण सव्वातीन मीटर. ताशी 60 ला गाडी सेकंदाला 16 ते 17 मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला पाचेक फेरे घेतं. क्राऊन-पिनियनचं (मागच्या ॲक्सलमधल्या, शाफ्टची गती कमी करून चाकाला देणाऱ्या गिअरच्या जोडीचं) प्रमाण 6 च्या आसपास धरलं तर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला तीसेक फेरे घेतो. पाचाचा हेलकावा माणसाला जवळजवळ मोजता येतो, बूड सीटवर उडतं. तिसाचा मोजता येत नाही, तो तळपायाला मुंग्यांसारखा लागतो, आरसा धूसर दिसतो. तुम्ही ‘थरथर’ लिहिलंय, ‘उडते’ नाही. हा फरक मोठा आहे. अंदाज येत नसेल तर मोबाइलवर व्हायब्रेशन मोजायचं फुकट ॲप घ्या, फोन फ्लोअरवर आडवा ठेवा आणि आकडा 5 जवळ येतो, की 30 किंवा त्याच्या दुप्पट 60 जवळ ते क्लीनरला बघायला सांगा.

एक सावधगिरी. ही चाचणी फक्त काँक्रिटवर करू नका. काँक्रिटच्या स्लॅबचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे 60 ला सेकंदाला तीन-चार ठोके रस्त्याचेच बसतात आणि ते थेट टायरच्या दोषासारखे वाटतात. सायन-पनवेलवर ‘टायर खराब’ ठरवून लोक टायर बदलतात ते यामुळेही. डांबराचा सपाट तुकडा शोधा, पहाटे, मोकळ्या रस्त्यावर.

आता क्लचचा निकाल. ज्या वेगाला थरथर येते, समजा 55, त्याच वेगाला एक गिअर खाली घ्या. आरपीएम लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. इंजिन आणि क्लच आता जास्त जोरात फिरतायत, चाक आणि शाफ्ट पूर्वीइतकेच. थरथर होती तशीच राहिली तर इंजिन, क्लच, फॅन, इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसतं ते) हे सगळे निर्दोष सुटले. बदलली, किंवा गाडी उभी असताना नुसती रेस दिली तरी येत असेल, तर मिस्त्री बरोबर असू शकतो. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवणं हे एका दिवसाचं भाडं बुडवण्याचं काम आहे, त्याआधी हे दोन मिनिटांचं काम करायला कोणाची हरकत नसावी.

दुसरी परीक्षा: त्याच वेगाला ॲक्सिलरेटर एकदम सोडा. थरथर कमी-जास्त झाली तर शाफ्टचे कोन किंवा त्याच्या टोकांचे जॉइंट. काहीच फरक नसेल तर शाफ्टचं बॅलन्स किंवा मागची चाकं. यासाठी न्यूट्रल करायची गरज नाही. शिळफाट्याच्या किंवा घोडबंदरच्या उतारावर तर अजिबात करू नका. आणि मागचा ॲक्सल जॅकवर उचलून गाडी टॉपला पळवून बघायचा जो प्रकार काही गॅरेजात चालतो, त्याच्या जवळ उभंही राहू नका.

पाट्याचं म्हणणं असं. पाटा वाढवला की रिकाम्या गाडीचा मागचा भाग उंच राहतो. होजिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) चेसिसपासून लांब जातं आणि शेवटच्या शाफ्टचा उतार वाढतो. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस-जॉइंट तिरका फिरताना एका फेऱ्यात दोनदा पुढे-मागे झटकतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. पण पाटा टाकताना पाटा आणि होजिंगच्या मधली पाचर राहिली किंवा उलटी बसली, तर पिनियनचं तोंड, म्हणजे शाफ्ट जिथे ॲक्सलला जुळतो ते टोक, वर-खाली होतं आणि हिशोब बिघडतो. लोड पडला की पाटा बसतो, कोन जागेवर येतात, म्हणून भरलेली गाडी बरी चालते. तुमची तक्रार अगदी हीच आहे.

मोजायला फोनच पुरतो. गाडी सपाट जागी, रिकामी, चाकांना ठोकळे, इंजिन बंद, चावी खिशात. लेव्हलचं ॲप लावा, फोनची कड आधी शाफ्टच्या नळीवर लांबीला ठेवून तिचा उतार लिहा, मग पिनियनच्या योकच्या (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याच्या) घासलेल्या सपाट भागावर, मग शाफ्ट पुढच्या टोकाला ज्याला जोडलाय त्या योकवर. नळीचा आकडा आणि त्या टोकाच्या योकचा आकडा यांतला फरक हा त्या जॉइंटचा कोन. दोन्ही टोकांच्या कोनांत एक अंशापेक्षा जास्त तफावत नको, आणि कोन शक्यतो तीन अंशांच्या आत असलेला बरा. तसं निघालं तर योग्य पाचर टाका, नाहीतर तो पाटा काढा. पाटा ओव्हरलोडसाठी वाढवला असेल तर काढलेलाच बरा.

खाली गेलाच आहात तर बाकीचंही बघून घ्या. क्रॉसच्या कपाजवळ तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्यात. ग्रीस मारताना चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर यायला हवं, जिथून येत नाही तो कप गेला. शाफ्टला मधे चेसिसला टांगून धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर हाताने दाबून बघा, फाटलं असेल तर बेअरिंग झुलतं. स्लिप-जॉइंटवर (शाफ्टचे दोन भाग जिथे दातांनी एकमेकांत सरकतात तिथे) बाणाच्या खुणा समोरासमोर आहेत का? कोणी शाफ्ट खोलून एक दात इकडेतिकडे बसवला तर दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि मग कोन कितीही जुळवा, थरथर जात नाही. पुन्हा खोलाल तेव्हा आधी पंचने खूण करा. नळीवर चौकोनी चकचकीत डाग दिसला तर बॅलन्सचं वजन उडालंय. तसा शाफ्ट क्रॉससकट मशीनवर बॅलन्स करून घ्यावा लागतो, अंदाजाने वेल्डिंगचा ठिपका मारून काही होत नाही.

टायरबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमचं स्टिअरिंग शांत आहे. व्हील नट तपासा, चाकाच्या डिस्कच्या आत वाळलेला चिखल खरवडून काढा. गाडी चारसहा दिवस यार्डात उभी राहून सुटली तर नायलॉन टायर चपटा होऊन सुरुवातीला उडतो, गरम झाला की गोल होतो, त्याला दोष समजू नका. फक्त ब्रेक मारतानाच हादरत असेल तर ड्रम, तो वेगळा विषय.

पाट्यांना हात लावलात तर यू-बोल्ट लोड टाकून पुन्हा आवळा आणि एक-दोन फेऱ्यांनंतर परत बघा. गिअर खाली घेतल्यावर काय झालं आणि दोन्ही टोकांचे कोन किती आले तेवढं इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगता येईल.