झिरोला जाताना

प्रश्न : अरुणाचलमधल्या झिरो खोऱ्यात जायचंय. परवाना लागतो का? तिथल्या आपातानी जमातीच्या गावांत काय सांभाळावं?

उत्तर : इनर लाइन परमिट हवंच. ते ऑनलाइन मिळतं. छापील प्रती दोन ठेवा, डोंगरात मोबाइलच्या भरवशावर राहू नका. नाहरलगुनपर्यंत रेल्वे, पुढे शेअर सुमो सकाळीच पकडा. ५ जुलैच्या द्री सणाला जाणार असाल तर पावसात दरडी कोसळतात, एक दिवस हातचा ठेवा.

भातखाचरं जरूर पाहा. खाचरात मधोमध चर असतो. पाणी ओसरलं की भातासोबत पाळलेले मासे त्यात उतरतात. बांधावर चक्क नाचणी! म्हणूनच बांध तुडवू नका. नाकात चकत्या घातलेल्या आज्यांचे फोटो विचारूनच काढा.