चहाच्या पेट्यांपासून सुरुवात नको

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध वाचायला घेतलंयस, तर थेट बोस्टनच्या चहावर उडी मारू नकोस. आधी १७६३ बघ: फ्रान्सशी युद्ध जिंकून ब्रिटन कर्जात बुडालेलं. मग पैसा उभा करायला अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींवर लादलेला १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट. वर्तमानपत्रं, करारपत्रं, अगदी पत्त्यांच्या कॅटवरही कर! बहिष्कार पडला आणि पुढच्याच वर्षी कायदा गुंडाळावा लागला.

१७७३ मध्ये चहा उलट स्वस्त झाला होता, बरं का. राग होता तो न विचारता लादलेल्या कराचा आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या (हो, तीच!) मक्तेदारीचा. चिडलेल्या वसाहतवाल्यांनी बोस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्यावर ब्रिटनने ते बंदरच बंद केलं आणि इतर वसाहती बोस्टनच्या पाठीशी आल्या. माझ्या मते खरं वळण हेच. एप्रिल १७७५ ला बोस्टनजवळच्या लेक्झिंग्टनमध्ये ब्रिटिश सैनिक आणि वसाहतवाल्यांत गोळ्या झडल्या, तरी जुलैत काँग्रेस (म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा) ब्रिटनच्या राजाकडे समेटाचा अर्ज पाठवतच होती.