अंगणातली पंगत आणि रोजचा गल्ला

प्रश्न : आम्ही सातपूरला त्र्यंबक रोडच्या आतल्या बाजूला राहतो. माझी मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. तिला खानावळ काढायची आहे. माझ्या सासूबाई गेली तीसेक वर्षं पौष वद्य एकादशीच्या सुमारास, त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या एका दिंडीला अंगणात पिठलं-भाकरी जेवू घालतात. मुलगी त्यातच वाढली. ती म्हणते, आजीच्या हातची चव, देवाचं नाव आणि गरिबाला परवडेल असं ताट एवढं असलं की झालं, कॉलेज कशाला? सासूबाई म्हणतात, अन्न विकायचं नसतं. मिस्टरांना स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळालेत. त्यातले १० लाख द्यायला ते तयार आहेत, पण कुंभमेळ्याच्या आत हॉटेल सुरू झालंच पाहिजे असा त्यांचा धोशा आहे. मला वाटतं तिने चार वर्षांचं हॉटेल मॅनेजमेंट करावं. काय करू? (एक आई, सातपूर)

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरातली चारही माणसं मनापासून बोलताहेत आणि प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं खरं आहे. लेकीची ओढ खरी आहे. अठराव्या वर्षी ‘लोकांना जेवू घालायचंय’ असं म्हणणारी मुलं माझ्याकडे फार येत नाहीत, म्हणून आधी तिला शाबासकी सांगा. पण ती ज्याला तयारी समजते आहे ती अजून तयारी नाही, आणि ते मी तिच्याच भल्यासाठी स्पष्ट सांगणार आहे.

नाशिकरोडला माझ्या मावशीची मेस होती. वीस-पंचवीस मेंबर, बहुतेक बाहेरगावची शिकणारी किंवा नोकरीला लागलेली मुलं. मावशी गेल्यावर तिची हिशेबाची वही माझ्याकडे आली. पानावर मुलाचं नाव, पुढे महिन्याच्या तारखा आणि खुणा. मध्येच कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘ताप, मऊ खिचडी दिली’, ‘परीक्षा, रात्री उशिरा डबा’. कुणाला कारलं चालत नाही तेसुद्धा आहे. फक्त एक रकाना कुठेच नाही : किती आले, किती राहिले. ‘पुढच्या महिन्यात देतो मावशी’ म्हणणाऱ्याला तिने कधी नाही म्हटलं नाही. शेवटी किराणावाल्याचं देणं फेडायला हातातल्या पाटल्या विकल्या आणि अकराव्या वर्षी मेस बंद झाली. तिची माया खोटी नव्हती. पण मेस बंद झाल्यावर त्या मुलांना ताप आला तर मऊ खिचडी कोण देणार होतं? तुमच्या लेकीसमोर खरा प्रश्न हा आहे. जेवू घालायची ओढ तिच्यात आहेच. ती दहा वर्षं टिकवायची कशी, हे तिला शिकायचं आहे.

आता सासूबाईंचं. ‘अन्न विकायचं नसतं’ हे त्यांचं वाक्य हसण्यावारी नेऊ नका. दिंडीला घातलेलं जेवण हे अन्नदान आहे. ते तसंच राहू द्या, त्याच अंगणात, वर्षातून एकदा, घरच्या पैशाने. त्याचा फोटो खानावळीच्या पाटीवर नको. खानावळ ही वेगळी वस्तू आहे. तिथे तुम्ही कष्टाचा आणि मालाचा प्रामाणिक मोबदला घेता, आणि त्यात काही उणं नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईत गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली, तेव्हा मागणं हेच होतं की या बायकांच्या कामाला बँकेने धंदा म्हणून ओळखावं आणि कर्ज द्यावं. सासूबाईंना हे सांगून बघा. त्यांच्या मनातली अढी विकण्याबद्दल असेल, की भुकेल्याकडून पैसे घेण्याबद्दल? दुसरी असेल तर तिच्यावर उपाय आहे.

तो उपाय आकड्यांत दाखवतो. हे आकडे मी धरून चाललोय, तुमच्या भागातले खरे आकडे लेकीने स्वतः काढायचे. समजा एक ताट १०० रुपयांना : दोन भाकऱ्या, पिठलं, एक भाजी, वरण-भात, ठेचा, कांदा. त्यात कच्चा माल ४० रुपयांचा. म्हणजे ताटामागे हातात ६० राहिले. जागेचं भाडं २५ हजार, माणसांचे पगार ४५ हजार, गॅस-वीज-पाणी १५ हजार, किरकोळ ५ हजार. महिन्याला ९० हजार झाले. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोज साधारण ३,४६० रुपये निघायला हवेत. म्हणजे रोज ५८ ताटं विकल्याशिवाय पहिला रुपया सुटत नाही. आता रोज पाच ताटं फुकट द्यायची ठरवली तर त्यांचा माल २०० रुपयांचा. तो भरून काढायला रोज चार ताटं जास्त विकावी लागतील. ५८ च्या जागी ६२. बघा ताई, सेवा परवडते! फक्त ती सकाळी मोजून ठरवावी लागते. दुपारी गल्ल्यावर बसून चेहरा बघून ठरवली की मावशीची वही होते.

सरकारलाही हे गणित चुकलेलं नाही. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा जेवणाऱ्याकडून १० रुपये घ्यायचे ठरले. पण शहरात थाळीची किंमत ५० रुपये धरली होती आणि वरचे ४० सरकार केंद्रचालकाला देणार होतं. स्वस्त ताटामागे दुसऱ्या कुणाचे तरी पैसे असतातच. लेकीच्या ताटामागे कुणाचे असतील, हे तिने कागदावर लिहून दाखवावं. वडिलांचे, असं उत्तर आलं तर खानावळ काढायची वेळ आलेली नाही.

त्या ९० हजारांत पगाराचा आकडा आहे, तो घरातल्या बायकांनाही धरून आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण घरगुती चवीचा धंदा बहुतेक वेळा आई आणि आजीच्या फुकट मजुरीवर चालतो आणि सगळे म्हणतात, नफा होतोय. दुपारी एकाच तासात ३० माणसं आली तर भाकऱ्या झाल्या ६०. थापून, भाजून, फुगून तव्यावरून उतरायला एका भाकरीला दोन-अडीच मिनिटं लागतात, म्हणजे एका तव्यावर तासाला २५-३०. दोन तवे, दोन बायका, चुलीसमोरून हलायचं नाही. पोळीसारखी आधी करून डब्यात ठेवावी, तर भाकरी वातड होते. मग त्या दोन बायका कोण? सासूबाई आणि तुम्ही? रोज? तुमच्या पत्रात तुमच्याबद्दल एक ओळसुद्धा नाही, म्हणून विचारतोय. तुमची तयारी असेल तर महिन्याचा पगार ठरवून घ्या आणि तो वहीत लिहा. तयारी नसेल तर आजच लेकीला तसं सांगा, तिला राग आला तरी.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेच्या संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा आणि राज्यातल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या बीएचएमसीटी पदवीसाठी राज्याची सीईटी, हे दोन्ही रस्ते चांगले आहेत, पण ते प्रामुख्याने मोठ्या हॉटेलांतल्या नोकरीकडे जातात. लेकीला तिकडे जायचं नाही. केवळ ‘हातात पदवी असावी’ म्हणून तिची चार वर्षं आणि तुमचे पैसे तिथे घालू नका. पदवी हवीच, तर बी.कॉम. करू द्या. आपल्याच शहरात १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे, काम करत करत पदवी होते. आणि सोबत आयटीआयचा फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा कोर्स. दहावीवर प्रवेश मिळतो, फी झेपण्यासारखी असते आणि हातात सुरी येते. त्यानंतर किमान एक वर्ष दुसऱ्याच्या भटारखान्यात नोकरी. केटरर असो, कंपनीचं कॅन्टीन असो, चालू खानावळ असो. पगार कमी असला तरी चालेल, पण खरेदीला सोबत नेणारा मालक हवा.

हे वर्ष टाळू नका. घरी सहा माणसांचं पिठलं कढईत होतं. ६० माणसांचं करताना तीच कृती दहापट केली की बेसनाच्या गाठी होतात, मीठ-तिखट चुकतं, आणि पहिली पंगत उठेपर्यंत पातेल्यातलं पिठलं थापून वडी पाडावी इतकं घट्ट होतं. म्हणून जाणता आचारी ते घाणा-घाणाने करतो. शिजलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली गार हवं, मधल्या तापमानात तासन्‌तास ठेवलेल्या भातानेसुद्धा माणसं आजारी पडतात. दिंडीत हे कळत नाही, कारण तिथे पातेलं उतरतं आणि तासाभरात रिकामं होतं.

कुंभाची घाई मात्र सोडा. मिस्टरांना माझा हात जोडून निरोप द्या. सिंहस्थ २०२६-२७ चा आहे, मोठी स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या गर्दीत आखाड्यांची आणि संस्थांची अन्नछत्रं फुकट जेवू घालत असतील. तेवढ्यासाठी चढ्या भाड्याने तीन वर्षांचा करार केला, तर स्नानं संपल्यावर गर्दी जाईल आणि भाडं राहील. त्यापेक्षा लेकीने त्या काळात एखाद्या अन्नछत्रात कोठी सांभाळायची सेवा करावी. रोज हजारो माणसांचा शिधा कसा काढतात, हे नुसतं वर्गात बसून कळत नाही.

तुमचं रोजचं गिऱ्हाईक कुंभात नाही, दाराशी आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणारी, खोली करून राहणारी मुलं. आणि त्याच त्र्यंबक रोडवर पुढे जिल्हा रुग्णालय आहे. तिथे आदिवासी पाड्यांतून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक दोन-दोन दिवस वडापाववर काढतात. लेकीला सेवा करायची असेल तर ती इथे आहे. म्हणून सुरुवात दुकानाने नको, डब्याने करा. नोकरीचं वर्ष झालं की घरून २० डबे, तीन महिने. घरून केलं तरी अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते, तिचा १४ आकडी नंबर मिळतो. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायचा नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यायचा. एवढ्याला दीड-दोन लाख पुष्कळ झाले. बाकीची रक्कम मिस्टरांच्या नावावरच मुदत ठेवीत राहू द्या, ती तुमच्या म्हातारपणाची आहे. पुढे दुकान घ्यायची वेळ आली तर मुद्रा योजनेत किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. बँकेला तीन महिन्यांचा डब्यांचा हिशेब दाखवता आला तर बोलणं सोपं होतं.

फुकटच्या पाच ताटांबद्दल लेकीला एक सुचवायचं आहे. भिंतीवर खिळे ठोकून टोकन लावा. ज्याला वाटेल त्याने आपल्या ताटासोबत आणखी एका ताटाचे पैसे भरावेत आणि एक टोकन खिळ्याला अडकवावं. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याने ते काढून गल्ल्यावर द्यावं. काही विचारायचं नाही, ताट तेच आणि बाकही तेच. खानावळीची स्वतःची पाच टोकनं सकाळीच लागलेली असतील.

देवाच्या नावाबद्दल एक गोष्ट राहिली. दारात निवृत्तिनाथांची तसबीर लावा, एकादशीला उपवासाचं ताट ठेवा, मला फार आवडेल. पण आपण नाशिककर आहोत. याच शहरात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दाराशी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि आत जाण्यासाठी माणसांना वर्षानुवर्षं लढावं लागलं. पुढे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आला : धर्म, जात, लिंग यांवरून तिथे कुणाला अडवता येत नाही. खानावळीच्या दाराला उंबरठा नसावा. भाकरी थापणारी बाई कामाला ठेवतानाही आडनाव विचारू नका. भक्तिभावाने काढलेल्या जागेत कुणाला बाहेर उभं राहावं लागलं, तर सासूबाईंच्या तीस वर्षांच्या पंगतीलाच ते लागेल.

आता पहिलं काम. पौष वद्य एकादशी येईल, दिंडी अंगणात उतरेल. या वर्षी लेकीने वाढपात उभं राहू नये. तिला कोपऱ्यात वही आणि वजनकाटा घेऊन बसवा. किती किलो पीठ भिजलं, किती भाकऱ्या झाल्या, किती जळाल्या, बेसन किती, तेल किती, माणसं किती जेवली, काय उरलं आणि ते कुठे गेलं, किती बायका किती तास राबल्या आणि त्यांना मजुरी द्यायची असती तर किती झाली असती. सासूबाई ‘असं मोजू नये गं’ म्हणतील. त्यांना सांगा, ही वही दिंडीसाठी नाही, पोरीच्या शिक्षणासाठी आहे. दिंडी पुढे गेली की ती वही घेऊन दोघी माझ्याकडे या.